पाळीच्या दिवसांत काढा घ्यावा का? आराम देणारी वनौषधी आणि धोका वाढवणारी वनौषधी

नागपूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर कन्हान नदीकाठी वसलेले कामठी १८२१ साली इंग्रजांच्या छावणीमुळे वाढीला लागले. इथे मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी राहतात. घरोघरी भाषा बदलते, पण पाळीत पोट दुखू लागले की बाहेर निघणारे डबे साधारण सारखेच असतात: ओवा, सुंठ, बडीशेप, मेथी आणि गूळ. एका घरी आजी ओव्याचे पाणी उकळते, दुसऱ्या घरी खाला सोंठ-गुळाची गोळी हातावर ठेवते.

याच डब्यांच्या शेजारी आता आणखी गोष्टी आल्या आहेत. काष्ठौषधीच्या दुकानातली नाव नसलेली पुडी, ओळखीतून मिळालेली मुळी, 'पाळी नियमित करणारे' सिरप आणि मोबाईलवरून मागवलेली हळदीची कॅप्सूल. सगळ्यांना एकच नाव दिले जाते, 'घरगुती' किंवा 'नैसर्गिक'. त्यामुळे ओव्याच्या पाण्याइतकाच विश्वास अनोळखी पुडीवरही टाकला जातो. धोका सुरू होतो तो तिथे.

यातले सुरक्षित काय हे ठरवायला एक सोपा प्रश्न पुरतो. वनस्पती कशासाठी घेतली जात आहे? पोटाला ऊब मिळावी, गॅस कमी व्हावा, मळमळ थांबावी म्हणून स्वयंपाकातल्या प्रमाणात घेतलेली वस्तू बहुतेक निरोगी स्त्रियांना त्रास देत नाही. पण चुकलेली पाळी 'आणण्यासाठी', अंगावरून जास्त जाणारे रक्त 'थांबवण्यासाठी' किंवा पाळी 'नियमित करण्यासाठी' घेतलेली वस्तू हे औषध असते. औषधाआधी कारण कळायला हवे. पुढची सगळी माहिती या एका फरकावर उभी आहे.

पोट का दुखते?

पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि अस्तर बाहेर टाकले जाते. ही रसायने जास्त झाली की आकुंचन जोरात होते, तिथला रक्तपुरवठा थोड्या वेळासाठी घटतो आणि कळ येते. हीच रसायने आतड्यांवरही काम करतात. म्हणून काही मुलींना पाळीच्या पहिल्या दिवशी जुलाब होतात, मळमळते, कंबर आणि मांड्या दुखतात.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ही रसायने तयार होणे कमी करतात, म्हणून त्यांचा गुण येतो. मात्र त्याही बिनधोक नाहीत. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा अशा गोळ्यांनी उठणारा दमा असेल तर त्या टाळाव्या लागतात, आणि दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा भारतीय फार्माकोपिया आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. रिकाम्या पोटी गोळ्यांवर गोळ्या घेणे चुकीचेच आहे. पण गोळीला धोका आहे म्हणून काढ्याला नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक हा सर्वांत कमी धोक्याचा उपाय. ओटीपोटावर सलग हलकी ऊब दिल्याने पाळीतली कळ कमी होते, हे चाचण्यांतही दिसले आहे. पिशवी कपड्यात गुंडाळून ठेवावी, म्हणजे त्वचा भाजत नाही.

मसाल्याच्या डब्यात काय आहे?

आले आणि सुंठ: पाळीच्या दुखण्यावर सर्वांत जास्त तपासली गेलेली स्वयंपाकातली वस्तू हीच. इराणमध्ये १५० विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत २५० मिलिग्रॅम सुंठ दिवसातून चार वेळा देण्यात आली. तिचा आराम मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन यांच्या बरोबरीचा दिसला. दिवसाची एकूण मात्रा एक ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा. म्हणजेच गुण येण्यासाठी मूठभर सुंठ लागत नाही. जास्त घेतली तर छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि जुलाब होतात.

इथे एक सावधगिरी हवी. पाळीच्या दुखण्यावरच्या पूरक आहाराच्या २७ चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये घेतला. आले आणि मेथीसह मोजक्या पदार्थांचा थोडा उपयोग दिसतो, पण पुरावा कमी दर्जाचा आहे आणि सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आले उपयोगी पडू शकते इतके म्हणता येते, खात्रीचा इलाज म्हणता येत नाही.

ओवा, बडीशेप, शेपा: गॅस आणि पोटफुगीसाठी ही घरातली जुनी माणसे. पाळीच्या दिवसांत आतडीही बिघडलेली असतात, त्यामुळे त्यांचा आराम खरा वाटतो. चिमूटभर ओवा चावून खाणे किंवा पाण्यात उकळून पिणे आणि 'ओव्याचे फूल' घेणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्याचे फूल हे जवळजवळ निव्वळ थायमॉल असते. अमृतधारेत ते कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर मिसळलेले असते. कापूर पोटात गेल्यास फिट येऊ शकते आणि लहान मुलांना तर थोडाही कापूर घातक ठरतो. अशी बाटली चमच्याने पिऊ नये आणि मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

मेथी: भाजीत, लाडवात, भिजवून खाल्लेली मेथी बहुतेकांना चालते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जास्त मेथीने साखर खाली जाऊ शकते. हरभरा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीचीही ॲलर्जी असू शकते.

दालचिनी: बाजारात दोन प्रकार मिळतात. जाड सालीची, एकाच पापुद्र्याची, तिखट वासाची ती कॅसिया. पातळ, अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेली ती सिलोन दालचिनी. स्वस्त दालचिनी बहुधा कॅसिया असते. तिच्यात कुमारिन हा घटक बराच असतो आणि तो रोज जास्त गेला तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेच्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाने दिवसाला २ ग्रॅमपर्यंत कॅसिया घेतली तर मर्यादा ओलांडली जात नाही. मसालेभातातली दालचिनी याच्या कितीतरी आत बसते. महिनोन्महिने रोज सकाळी चमचाभर पूड पाण्यातून घेतली तर मात्र मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

गूळ, तीळ, अळीव: हे खाणे म्हणून चांगले आहे. गुळात आणि अळिवात लोह असते, पण वनस्पतीतले लोह शरीर कमी शोषते. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास शोषण वाढते आणि जेवणाला लागून चहा घेतल्यास घटते. 'तीळ-गूळ गरम पडतो, अंगावरून जास्त जाईल' ही भीती विदर्भातल्या उन्हाळ्यात हमखास ऐकू येते. जेवणातल्या प्रमाणातल्या तीळ-गुळाने रक्तस्राव धोकादायक वाढतो याला आधार नाही. अंगावरून जास्त जात असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद

एकच वनस्पती वेगवेगळ्या रूपात वेगळे वागते. हळद हे त्याचे चांगले उदाहरण. वरणात हळद किती पडते? पाव चमचा, तीही चार माणसांत. कॅप्सूलमध्ये हळदीतला कर्क्युमिन वेगळा काढून भरलेला असतो आणि तो रक्तात जास्त जावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्यातले पायपरिन घातलेले असते. इटलीत २०१९ मध्ये अशा उत्पादनांनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये याच विषयावर सुरक्षा सूचना काढली. आमटीत हळद घालायला कोणी मनाई केलेली नाही. इशारा तीव्र अर्कांबद्दल आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण गुळवेलीचे. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी पाहिले आणि २०२१ मध्ये त्यांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद शास्त्रज्ञांचा असला तरी घरच्या वाचकाला त्यातून दोन गोष्टी कळतात. यकृताला इजा होण्याची शक्यता गंभीरपणे घ्यायला हवी, आणि कुंपणावरून तोडलेली वेल नेमकी कोणती हे नजरेने ओळखणे सोपे नाही.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज, भूक मरणे, उजव्या कुशीत वर दुखणे, यांपैकी काही दिसले तर काढा लगेच बंद करावा आणि डॉक्टरांना त्या काढ्याचे नाव सांगावे. अनेक रुग्ण 'औषध काही घेत नाही' असे सांगतात, कारण काढा त्यांच्या लेखी औषध नसतोच.

पाळी 'आणण्यासाठी' काही घेण्याआधी

सर्वांत मोठा धोका इथे आहे. पाळी चुकली की कच्ची पपई, गाजराचे बी, गरम काढे असे सल्ले मिळू लागतात. पाळी उशिरा येण्याची कारणे बरीच असतात: ताण, वजनातला बदल, थायरॉईड, पीसीओएस, अंगावर दूध पाजणे, चाळिशीनंतरचे बदल. यातले पहिले तपासायचे कारण म्हणजे गर्भधारणा. लघवीची चाचणी औषधाच्या दुकानात मिळते. सरकारी व्यवस्थेत 'निश्चय' नावाचे चाचणी किट आशा ताईंमार्फतही दिले जाते.

चाचणी न करता वनस्पती घेतली आणि दिवस गेलेले असले तर तीन गोष्टी घडू शकतात. गर्भ न पडता वाढत राहतो आणि त्याला औषधाचा संसर्ग होत राहतो. किंवा गर्भपात अर्धवट होतो, मग रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने जीव धोक्यात येतो. किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असतो आणि काढा पीत बसण्यात तो ओळखण्याचा वेळ निघून जातो. पाळी चुकलेली असताना एका कुशीत जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणे किंवा थोडे थोडे रक्त जाणे ही नळीतल्या गर्भाची लक्षणे असू शकतात. तेव्हा १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठायचे असते.

यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही मुळ्या सरळ विषारी आहेत. चित्रकाच्या मुळीने त्वचेवर फोड येतात, शरीराच्या आतही ती तशीच जाळते. कण्हेरीतले विष हृदयाचे ठोके बिघडवते. या वनस्पतींनी बायका दगावल्याच्या नोंदी भारतीय न्यायवैद्यकशास्त्राला जुन्या काळापासून माहीत आहेत. आयुर्वेदातली रजःप्रवर्तिनी वटी ही तर नावापासूनच पाळी आणणारी गोळी. तिच्यात कोरफडीचा सुकवलेला चीक म्हणजे एळ्या, हिंग, टंकण आणि कासीस असते. एळ्या तीव्र रेचक आहे. त्याने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. ही गोळी शिकलेल्या वैद्याने तपासून द्यायची असते. मैत्रिणीच्या सल्ल्याने दुकानातून आणायची ती वस्तू नव्हे.

नको असलेल्या गर्भासाठी कायदेशीर आणि सुरक्षित मार्ग आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रीलाही हा अधिकार समान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. लाजेपोटी किंवा भीतीपोटी विषारी मुळी घेण्याची वेळ कोणावर येऊ नये, यासाठी ही माहिती घराघरात पोहोचायला हवी.

रक्त 'थांबवण्यासाठी' घेताना

अंगावरून जास्त जात असेल तर अशोकाची साल, लोध्र, अशोकारिष्ट ही नावे पुढे येतात. आयुर्वेदात त्यांचा वापर जुना आहे. आधुनिक पद्धतीच्या मोठ्या चाचण्यांचा आधार मात्र अजून तोकडा आहे. त्यापेक्षा रोजचा प्रश्न वेगळा आहे: पुडीत असलेली साल अशोकाची आहे का?

रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात सरळ उंच वाढणारे, लांब नागमोडी कडांच्या पानांचे झाड आपण 'अशोक' म्हणतो. तो औषधी अशोक नव्हे. औषधी सीतेचा अशोक वेगळा. तो पसरट असतो, त्याला नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात आणि कोवळी पाने तांबूस रंगाची, खाली लोंबणारी असतात. हे झाड निसर्गात कमी होत चालले आहे, त्यामुळे त्याच्या सालीत उंच खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. ही भेसळ वनस्पती अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे.

अशोकारिष्ट आंबवून केलेले असते. त्यात आपोआप तयार झालेला मद्यार्क साधारण ५ ते १० टक्के असतो, शिवाय गूळ असतो. मधुमेह, यकृताचा आजार, गर्भधारणा किंवा मद्यार्क चालत नसलेली औषधे चालू असताना ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. धार्मिक कारणाने मद्यार्क टाळणाऱ्या घरांनाही हे माहीत असायला हवे.

रक्तस्राव जास्त होण्यामागे गर्भाशयातली गाठ, थायरॉईड, रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष, तांबी, गर्भपाताचा राहिलेला अंश किंवा क्वचित कर्करोग असू शकतो. महिनोन्महिने साल उकळत बसल्याने यातले काहीच सापडत नाही. रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे पाळी वर्षभर बंद झाल्यावर, एक डाग जरी दिसला तरी तपासणी करायचीच.

विदर्भात सिकलसेल विसरून चालत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींपैकी एकीहून थोडे जास्त. दर महिन्याला जास्त रक्त जाणे आणि कमी लोहाचे जेवण ही दोन्ही कारणे त्यामागे एकत्र असतात. अळिवाची खीर, बीट किंवा काढा रक्तक्षय झालेल्या बाईची पातळी पुरेशी वर आणू शकत नाही. हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. काढ्यातले टॅनिन लोहाचे शोषण कमी करते, म्हणून गोळी आणि काढा किंवा चहा यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

नागपूर परिसरात आणखी एक बाब महत्त्वाची. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण देशातल्या बऱ्याच भागांपेक्षा जास्त आहे, अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात विशेष. सिकलसेल असलेल्या अनेक स्त्रियांना पाळीच्या आसपास हाडांत, सांध्यांत, पोटात तीव्र वेदनांचा झटका येतो. शरीरातले पाणी कमी होणे हे अशा झटक्याचे ओळखीचे निमित्त. त्यामुळे सोनामुखी, एळ्या, एरंडेल अशा रेचकांचा 'पोट साफ' करणारा सल्ला त्यांच्यासाठी धोक्याचा ठरतो. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, म्हणून लोहाची गोळीही तपासणीनंतरच घ्यावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. दर पाळीला असह्य दुखत असलेल्या आणि रक्त सतत कमी भरणाऱ्या मुलीची ही तपासणी झाली आहे का, हे आधी विचारायला हवे.

इतर औषधे चालू असतील तर

हृदयाची झडप बदललेल्यांना किंवा रक्ताच्या गुठळीसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना आले, लसूण, हळद, मेथी यांचे तीव्र अर्क नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. उच्च रक्तदाब असताना रोज ज्येष्ठमध घेऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, फक्त पाण्यासोबत घ्यायची असते, काढ्यासोबत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अर्क आणि कॅप्सूल केव्हा बंद करायच्या हे भूलतज्ज्ञांना विचारावे. मूल होण्यासाठी उपचार चालू असताना शतावरीसारख्या वनस्पतीही डॉक्टरांना सांगूनच घ्याव्यात.

बिडीच्या इतिहासामुळे कामठीला तंबाखू नवी नाही. 'जय भीम' या अभिवादनाचे जनक मानले जाणारे बाबू हरदास यांनी इथल्याच बिडी कामगारांना संघटित केले होते. तंबाखू ही कोणी वनौषधीत मोजत नाही, पण पाळीत पोट किंवा दात दुखतो म्हणून मिश्री लावणाऱ्या, खर्रा खाणाऱ्या बायका विदर्भात आहेत. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना पाळीचे दुखणे जास्त होते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि गरोदरपणातल्या मिश्रीचा संबंध कमी वजनाच्या बाळाशी आढळला आहे. तात्पुरती सुन्नता आली तरी हा उपाय नाही.

पुडी किंवा बाटली घेताना काय पाहावे?

एक, नाव आणि परवाना. आयुर्वेदिक किंवा युनानी औषधावर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेली असावी. खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक हवा. कागदात बांधलेल्या पुडीवर यातले काहीच नसते.

दोन, इशारा. ठरावीक विषारी घटक असलेल्या आयुर्वेदिक आणि युनानी औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती दिसली तर बाटली वैद्यांना किंवा हकिमांना दाखवल्याशिवाय उघडू नये.

तीन, दावा. पाळीतले विकार दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या कलम ३ मध्येच मनाई आहे. भिंतीवर, पत्रकात किंवा मोबाईलवर 'सात दिवसांत पाळी नियमित' असे वाचले तर ती जाहिरात कायद्याच्या विरोधात आहे, इतके ओळखता यावे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करता येते.

चार, धातू. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी अमेरिकेत झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे पाचव्या भागात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले, त्या भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे हाडांत साठते आणि पुढच्या गरोदरपणात बाळापर्यंत पोहोचते. म्हणून भस्म असलेली औषधे मनाने घेऊ नयेत.

औषधाने त्रास झाल्यास राष्ट्रीय औषध-सुरक्षा हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ वर कळवता येते. उरलेली पुडी फेकू नये. डॉक्टरांना ती दाखवली तर उपचार लवकर होतो.

केव्हा थांबायचे आणि कुठे जायचे?

सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजणे, पाळी आठवड्याहून जास्त चालणे, मोठ्या गाठी पडणे, २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर पाळी येत राहणे, संबंधानंतर रक्त जाणे, ताप आणि दुर्गंधी, चालताना धाप लागणे, शाळा किंवा काम बुडेल इतके दुखणे. यांपैकी काहीही असेल तर काढा बाजूला ठेवून तपासणी करावी. पाळी सुरू झाल्यापासूनच फार रक्त जाणाऱ्या मुलीचे 'वयानुसार होईल ठीक' म्हणून सोडून देऊ नये.

कामठीकरांसाठी गावातले उपजिल्हा रुग्णालय जवळचे. पुढच्या तपासण्यांसाठी नागपुरात मेयो आणि मेडिकल आहेत. आयुर्वेदिक उपचारच हवे असतील तर नागपूरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात नोंदणीकृत वैद्य भेटतात. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक चालतात, तिथे पाळीचे प्रश्न संकोच न करता विचारता येतात. सोबत पाळीच्या तारखा, रोज किती पॅड लागले आणि घेतलेल्या प्रत्येक काढ्याचे नाव लिहून नेले तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

आजीचे ओव्याचे पाणी आणि खालाची सोंठ-गुळाची गोळी टाकून द्यायचे कारण नाही. शेक, विश्रांती, पुरेसे पाणी आणि चिमूटभर सुंठ यांनी बहुतेक पाळ्या निभावतात. ज्या महिन्यात ते पुरत नाही, त्या महिन्यात आणखी तीव्र पुडी शोधण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.